वर्गात सगळं समजतं, मग पेपरात कुठे जातं?

दहावीच्या पालकांचा हल्ली ठरलेला प्रश्न, शाळेत स्मार्ट बोर्ड आहे, सर पीपीटी ग्रुपवर टाकतात, पोरगा घरी परत व्हिडिओ पण बघतो, तरी मार्क का नाही येत? गेल्या वर्षी भांडुपहून एक ताई मुलाला घेऊन सल्ल्यासाठी माझ्याकडे आल्या, लोकलच्या गर्दीतून दादरला उतरून घामाघूम, आणि खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाल्या, "मॅडम, याचा मोबाइल सरळ काढूनच घेऊ का?" मुलगा खाली मान घालून. त्याला विचारलं तर म्हणाला, "वर्गात सगळं समजतं हो, पेपर हातात आला की ब्लँक."

खोटं बोलत नव्हता तो. भिंगांचा धडा नुकताच झाला होता त्यांचा, मी कोरा कागद पुढे केला, म्हटलं बहिर्वक्र भिंग काढ आणि प्रतिमा कुठे येते दाखव. भिंग झकास काढलं, मुख्य अक्ष पट्टीने काढला, पहिला किरण अक्षाला समांतर नेला आणि भिंगापाशी पेन्सिल थांबली ती थांबलीच. "अरे कालच तर बघत होतास ना," आई पुटपुटल्या. बघितलं होतंच, तीनदा. पण बोर्डवरच्या अ‍ॅनिमेशनमध्ये किरण आपोआप वळून नाभीतून (समांतर किरण भिंगातून वळून जिथे भेटतात तो बिंदू) जातो, याला स्वतःला तो कधी वळवावाच लागला नव्हता.

२००६ साली रोडिगर आणि कार्पिकी या दोन मानसशास्त्रज्ञांनी कॉलेजच्या मुलांना उतारे वाचायला दिले होते, काहींनी तोच परत वाचला, काहींनी न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी किती लक्षात राहिलं ते बघितलं तर परत वाचणारे पुढे, ८१ टक्के, आठवणारे ७५. आठवड्यानंतर मात्र वाचणारे ४२ वर आणि आठवणारे ५६ वर! हे सांगितलं तर पोरगा म्हणतो, "म्हणजे माझं डोकं पाच मिनिटांचंच आहे?" नाही रे बाबा, सगळ्यांचंच तसं असतं.

मोबाइल काढून घेऊ नका म्हटलं. बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन कर, दीक्षा अ‍ॅपवर जो व्हिडिओ उघडेल तो बघ, पण किरण भिंगाला टेकला की पॉज, पुढचं वहीत तू काढायचं, चुकलं तर चुकू दे, मग प्ले. आणि पीपीटी ग्रुपवर येणारच आहे म्हणून वर्गात वही बंद ठेवून बसायचं नाही. (पोर्शन संपवायच्या घाईत स्लाइड भराभर पळवल्या जातात हेही खरंय, पण ते काही माझ्या केबिनमधून सुटणारं नाही.) रोज एक तरी शंका विचार म्हटलं तर घाबरला, सगळे हसतील म्हणाला. मग लिहून ठेव, बेल झाल्यावर विचार, एवढ्यावर तोडगा निघाला.

मार्कांनी लगेच उडी वगैरे मारली नाही, आधीच सांगते. पण पंधरा दिवसांनी आला तो सांगतच, "सरांना विचारलं, वस्तू बरोबर नाभीवरच ठेवली तर?" सरांनी म्हणे बोर्ड तसाच सोडून खडू घेतला आणि काढून दाखवलं, किरण समांतर निघून जातात, भेटतच नाहीत, म्हणून प्रतिमा अनंत अंतरावर.

नंतर ताईंचा फोन आला. "मॅडम, आता व्हिडिओ चालू कमी आणि बंदच जास्त असतो, दहा मिनिटांच्या व्हिडिओला तास लावतो, चालेल ना?"

म्हटलं, पळेल.