मला कोणी प्रश्नच विचारत नाही

“मॅडम, शाळेतून निरोप आलाय, समुपदेशकांना भेटायला सांगितलंय. पाठवू का? की त्यानेच पोरगी जास्त बिथरेल?”

शाळेत समुपदेशक म्हणून काम करायला लागून मला पंधरा वर्षं झाली. या काळात सगळ्यात जास्त वेळा कानावर पडलेला प्रश्न हाच. कोणी थेट विचारतं, कोणी आडवळणाने. एका वडिलांनी तर “फाइलमध्ये नाव चढणार का?” एवढंच तीनदा विचारलं. पूर्वी मी लगेच धीर द्यायचे, “काळजी करू नका, फायदाच होईल.” आता असं उत्तर देऊन मोकळी होत नाही. समुपदेशनाने मुलं सावरताना मी पाहिली आहेत. त्याच मदतीपायी एक मुलगी आणखी मिटत गेलेलीही पाहिली आहे, आणि तीसुद्धा माझ्याच खोलीत.

आठवीतली मुलगी. ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक तपशील बदलले आहेत. आईवडील वेगळे होण्याच्या वाटेवर होते. लागोपाठ दोन चाचण्यांत गुण घसरले, म्हणून वर्गशिक्षकांनी तिला माझ्याकडे पाठवलं. पहिल्याच भेटीत ती घरचं थोडंफार बोलली. ते मी कोणाला सांगितलं नाही. शिक्षकांच्या खोलीत फक्त इतकंच म्हणाले, “तिच्यावर सध्या ताण आहे, जरा सांभाळून घ्या.” यात काही चुकतंय असं तेव्हा मनातही आलं नाही.

पुढच्या भेटींत मात्र ती बोलेनाशी झाली. दर गुरुवारी चौथ्या तासाला मी तिच्या वर्गात चिठ्ठी पाठवायचे. ती यायची, खुर्चीच्या कडेवर बसायची, दप्तराच्या बंदाचं टोक बोटाभोवती गुंडाळायची, सोडायची, पुन्हा गुंडाळायची. “कशी आहेस?” “बरी आहे.” “घरी काय म्हणतात?” “काही नाही.” इकडे वर्गशिक्षक सांगत होते की ती आता वर्गातही अवाक्षर काढत नाही. मी मनाशी घरचंच गणित मांडत बसले होते. घर मोडतंय, म्हणून मूल मिटतंय. किती सरळ दिसत होतं ते!

सहाव्या भेटीत मी घराचा विषय काढलाच नाही. विचारलं, “इथे येण्यात तुला सगळ्यात नकोसं काय वाटतं?”

बराच वेळ गेला. बंद बोटाभोवती दोनदा फिरला.

“तुमची चिठ्ठी.”

“चिठ्ठी?”

“सगळ्यांसमोर वाचतात. मग सगळे माझ्याकडे बघतात. आणि गुरुवारी चौथा तास चित्रकलेचा असतो.”

मी समोरची वही मिटून बाजूला ठेवली. “आणखी काय?”

“मला आता कोणी प्रश्नच विचारत नाही.”

मी काही बोलले नाही. तीच पुढे म्हणाली, “सर ओळीने विचारत येतात. माझ्या पुढचीला विचारतात, मग मागचीला. मला सोडून देतात. गणिताचे सर आधी रागवायचे. आता माझ्याकडे बघून हसतात आणि पुढे जातात.”

“ते बरं नाही वाटत?”

तिने पहिल्यांदाच माझ्या डोळ्यांत बघितलं. “मी आजारी आहे का?”

शिक्षकांच्या खोलीतलं माझं ते एक वाक्य सगळ्यांनी मनापासून पाळलं होतं. त्यात कोणाचाच हेतू वाईट नव्हता, म्हणून तर ते इतके आठवडे कोणाच्या लक्षात आलं नाही. घरात काय होणार हे त्या मुलीच्या हातात नव्हतं. वर्ग ही तिची एकच जागा उरली होती, जिथे तिला कालच्यासारखंच वागवलं जात होतं. चुकलं तर ओरडा, बरोबर आलं तर शाबासकी. तीही आम्ही काळजीपोटी काढून घेतली आणि वर तिची चित्रकला नेली. मी तिची माफी मागितली. पोकळ नाही, नीट, काय चुकलं ते सांगून.

मग आम्ही दोघींनी मिळून शिक्षकांसाठी निरोप लिहिला. शब्द तिचे, अक्षरही तिचंच. “मला बाकीच्यांसारखे प्रश्न विचारा. उत्तर आलं नाही तर पुढे जा, पण आधी मला विचारा.” सुरुवातीला तिने ‘कृपया’ लिहिलं होतं. दोन मिनिटांनी स्वतःच खोडलं. ते खोडणं बघून मला जे वाटलं, ते पंधरा वर्षांत फार थोड्या वेळा वाटलं आहे. चिठ्ठी त्याच दिवशी बंद झाली. भेटीची वेळ शाळा सुटल्यावरची ठरली, ती तिनेच निवडली.

माझा कल कार्ल रॉजर्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाच्या विचाराकडे आहे, हे लपवण्याचं कारण नाही. १९२८ पासून बारा वर्षं त्यांनी अमेरिकेतल्या रॉचेस्टर शहरात अडचणीतल्या मुलांसोबत काम केलं, आणि नेमकं कुठे दुखतंय हे समोरच्या माणसालाच ठाऊक असतं, या निष्कर्षावर ते आले. कुठल्या वाटेने जायचं हेही त्यालाच कळतं, त्याच्यावर तेवढा विश्वास टाकावा लागतो. मी हे कितीतरी आधी वाचलेलं. त्या सहाव्या भेटीत मात्र ते हाडामासाचं होऊन माझ्यासमोर बसलं होतं.

मदतीने नुकसान होऊ शकतं ही भीती पालकांच्या मनाचा खेळ मुळीच नाही. अमेरिकेत बॉस्टनजवळच्या केंब्रिज आणि सॉमरव्हिल या दोन गावांत रिचर्ड कॅबट या डॉक्टरच्या पुढाकाराने एक मोठा प्रयोग झाला. ५०६ मुलगे घेतले, सारख्या जोड्या लावल्या आणि जोडीतल्या एकाला १९३९ ते १९४५ या काळात भरपूर मदत दिली. समुपदेशक घरी जायचे, अभ्यास घ्यायचे, औषधपाणी बघायचे, उन्हाळी शिबिरांना पाठवायचे. तीस वर्षांनी जोन मकॉर्ड या संशोधक बाईंनी त्याच मुलांचा माग काढला आणि १९७८ मध्ये निष्कर्ष छापले. मदत मिळालेला गट एकाही बाबतीत सरस ठरला नव्हता, आणि दारूचं व्यसन, पुन्हा गुन्हा घडणं अशा काही बाबतींत तर मागे होता. तरीही त्यातल्या सुमारे दोन तृतीयांश जणांनी सांगितलं होतं, आम्हाला फायदा झाला! पुढच्या तपासणीत दिसलं की जास्त नुकसान झालं ते वारंवार शिबिरांना गेलेल्या मुलांचं. बिघडू पाहणारी मुलं एकत्र ठेवली की ती एकमेकांकडून शिकतात. तेव्हापासून ‘त्रास देणाऱ्या’ मुलांचा वेगळा गट करू या असं कोणी म्हटलं की मी ठाम नकार देते.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. लंडनमधल्या १८ शाळांत ३२९ विद्यार्थ्यांवर झालेला अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. मुलांचं मोकळेपणाने ऐकून घेणारं, रॉजर्सच्याच वळणाचं समुपदेशन, जास्तीत जास्त दहा भेटी. एरवीचा आधार मिळणाऱ्या मुलांपेक्षा या मुलांचा मानसिक त्रास जास्त कमी झाला. फरक मोठा नव्हता, पण होता. चमत्काराची अपेक्षा ठेवून येणाऱ्या पालकांना मी हा ‘थोडासा’ आवर्जून सांगते.

तर पाठवायचं का? बहुतेक वेळा हो. पण डोळे मिटून नको. आधी स्वतः जाऊन समुपदेशकांना भेटा आणि विचारा, मुलाला वर्गातून कसं बोलावणार? कोणता तास बुडणार? तो त्याच्या आवडीचा तर नाही ना? शिक्षकांना काय सांगणार आणि सांगण्याआधी मुलाला विचारणार का? ही साधी वाटणारी चौकशीच बरंच काही ठरवते. नोंदी कोण ठेवतं, कोण वाचू शकतं, हेही विचारा. हा तुमचा हक्क आहे, त्यात संकोच नको. चांगला समुपदेशक या प्रश्नांनी दुखावणार नाही. मी तर असा प्रश्न विचारणाऱ्या पालकांवर जास्त विसंबते.

गुप्ततेचं मात्र नीट समजून घ्या. मुलाच्या जिवाला धोका असेल, त्याच्या हातून दुसऱ्याला इजा होण्याची भीती असेल किंवा त्याच्यावर कोणी अत्याचार करत असेल, तर ते समुपदेशक पोटात ठेवू शकत नाही आणि ठेवूही नये. हे मुलाला पहिल्या भेटीतच सांगायला हवं, नाहीतर नंतर त्याला तो विश्वासघात वाटतो. आणि मूल जिवाचं काही बरंवाईट बोललं तर शाळेच्या भेटीची वाट पाहत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.

शिक्षा म्हणून पाठवत असतील तर अडून बसा. “गोंधळ घातलास, आता जा समुपदेशकाकडे” असं म्हटल्यावर त्या खोलीत कुठलं मूल मोकळं होईल? आणि भेटीनंतर “काय विचारलं? तू काय सांगितलंस?” असं खोदू नका. तुमच्या खोदण्यानेही मुलाचा शाळेतला हक्काचा कोपरा जातो.

चार-पाच भेटींनंतर मूल स्वतःबद्दल कसं बोलतंय इकडे कान ठेवा. ‘मला परीक्षेची भीती वाटते’ म्हणणारी मुलगी ‘मी अँक्झायटीवाली आहे’ म्हणायला लागली, तर मदत कुठेतरी आडवाटेला गेली आहे. लगेच जाऊन बोला. नाहीच जमलं तर दुसरा समुपदेशक मागा. मूल आणि समुपदेशक यांचं सूर जुळणं महत्त्वाचं असतं. ते जुळलं नाही म्हणून कोणी अपयशी ठरत नाही.

त्या मुलीचे आईवडील पुढे वेगळे झालेच. ते मला थांबवता येणार नव्हतं आणि ते माझं कामही नव्हतं. निरोप दिल्यानंतर दोनेक आठवड्यांनी ती मधल्या सुट्टीत आपणहून आली. आत बसली नाही, दारातच उभी राहिली.

“गणिताच्या सरांनी विचारलं. माझं चुकलं.”

“मग?”

“म्हणाले, लक्ष कुठे आहे तुझं, परत कर.” सांगताना चेहरा नुसता फुलला होता.

“केलंस?”

“हो. दुसऱ्यांदा आलं,” म्हणाली आणि पळाली. सुट्टी संपायला पाच मिनिटं उरली होती.