शेतावरून गेलेलं विमान कोणतं?

प्रश्न : कपाशी वेचताना करड्या रंगाचं मोठं विमान बरंच खालून गेलं. मोबाइलवरच्या विमानं दाखवणाऱ्या अ‍ॅपवर दिसलंच नाही. कसं ओळखावं? (हिंगणघाट तालुका)

उत्तर : लष्करी विमानं अ‍ॅपवर बरेचदा दिसत नाहीत, त्यामुळे बहुधा वायुदलाचं. रंग उन्हात फसवतो. आधी पंख पाहा. पंख पाठीवर, चार जेट इंजिनं आणि शेपटीचा आडवा भाग उभ्या भागाच्या टोकावर असेल तर आयएल-७६ किंवा सी-१७. इंजिनांना फिरणारे चार पंखे (प्रोपेलर) असतील तर सी-१३०. दोनच पंखे, तेही पंखांच्या वर उचललेले : एएन-३२. शेपूट टी-आकाराची नि दोन पंखे, तर प्रवासी एटीआर.

उंचावरचं विमान आवाजाच्या दिशेला शोधू नका. दहा किलोमीटरवरून आवाज पोचायला अर्धा मिनिट लागतो. तोवर ते सात किलोमीटर पुढे गेलेलं असतं.