पासवर्ड बदलला तरी नको ती पेजेस माझ्या नावाने लाईक होतायत, फेसबुक हॅक झालंय का?

बहुतेक नाही. बोट तुमचंच होतं, फक्त ते कशावर पडतंय हे तुम्हाला दिसलं नाही. याला क्लिकजॅकिंग म्हणतात. म्हणूनच पासवर्ड बदलून उपयोग झाला नाही आणि ओटीपी लावूनही होणार नाही, तुम्ही आधीच लॉगिन असता ना, त्यामुळे फेसबुकला वाटतं मालकानेच दाबलंय.

माझ्या मावशीचं काही वर्षांपूर्वी हेच झालं. व्हिडिओची लिंक आली, उघडली तर मधोमध प्लेचं बटण, दाबलं तर काही चालूच होईना म्हणून तिने चार-पाच वेळा दाबलं, आणि संध्याकाळी मामाचा फोन की ताई हे कसलं घाणेरडं पेज लाईक केलंयस. बिचारी अकाउंटच बंद करायला निघाली होती. मी लॉगआउट करून ते पान बघितलं तर माऊस नुसता रिकाम्या पांढऱ्या जागेवर नेला तरी बाणाचा हात होत होता! म्हणजे लाईकचं खरं बटण पूर्ण पारदर्शक करून वर ठेवलेलं आणि ते माऊसच्या मागे मागे फिरत होतं.

हे जुनंच आहे. फेब्रुवारी 2009 मध्ये ट्विटरवर 'डोन्ट क्लिक' अशी लिंक फिरली, आतलं बटण दाबलं की तीच लिंक तुमच्या नावाने पुढे ट्विट व्हायची. आपलं पान दुसऱ्याच्या पानात उघडू द्यायचं नाही असं साइटवाले एक्स-फ्रेम-ऑप्शन्स लावून सांगू शकतात, पण लाईकचं बटण फेसबुकने दुसऱ्यांच्या साइटवरही बसवायला दिलेलं, त्याला ते कसं लावणार? 2010 मध्ये फेसबुकवर याचा सुळसुळाट झाला तो त्यामुळेच.

आता तुम्ही आधी फेसबुकच्या अ‍ॅक्टिव्हिटी लॉगमध्ये जाऊन ती लाईक्स काढा, आणि सेटिंगमध्ये 'अ‍ॅप्स अँड वेबसाइट्स'मध्ये अनोळखी काही जोडलेलं असेल तर तेही. मग फेसबुकसाठी एक ब्राउझर वेगळाच ठेवा, आलेल्या लिंका दुसऱ्यात उघडा जिथे तुम्ही कुठेच लॉगिन नाही, मला सगळ्यात जास्त फायदा याचाच झाला. ब्राउझर अपडेट ठेवा. अँड्रॉइडवर 'डिस्प्ले ओव्हर अदर अ‍ॅप्स' ही परवानगी कुणाकुणाला दिलीय तेही बघा, कारण तिथे एखादं अ‍ॅपच असा पडदा टाकू शकतं.

आणि तुमच्या नावाने लिंक पुढे गेली असेल तर त्या लोकांना आजच फोन करून सांगा, उघडू नका म्हणून.