मंदक्रोध आणि देवाचं लांब नाक

प्रश्न असा आला आहे: बायबलमधल्या स्तोत्र १०३:८ मध्ये परमेश्वराला ‘मंदक्रोध’ म्हटलं आहे. याचा अर्थ ‘ज्याचा राग सौम्य असतो तो’ असाच ना? मग सोप्या मराठीत ‘शांत स्वभावाचा’ असं लिहिलं तर चालेल का?

नाही चालणार. हा ‘सौम्य राग’ प्रवचनांतून आणि प्रार्थनांतून ऐकून ऐकून कान किटले आहेत. मंद दिवा, मंद हसू, मंद वारा यांच्या पंगतीत ‘मंदक्रोध’ला नेऊन बसवायचं आणि मग लोकांना सांगायचं, की देवाचा राग म्हणजे नुसती धुगधुगी, भिण्याचं कारण नाही. इथला ‘मंद’ म्हणजे सावकाश. मंदगती, मंदगामी यांतला. शनीला संस्कृतात ‘मंद’ असंच नाव आहे, कारण सूर्याभोवतीची एक फेरी पुरी करायला त्याला साडेएकोणतीस वर्षं लागतात. तिथे मंद म्हणजे दुबळा, असं कोणीही समजत नाही. याकोबाच्या पत्रात (१:१९) माणसाने बोलायला सावकाश आणि रागावायला सावकाश असावं असं सांगितलं आहे, आणि मूळ ग्रीकमध्ये दोन्ही ठिकाणी ‘ब्रादूस’ हा एकच शब्द आहे. बोलायला सावकाश म्हणजे बारीक आवाजाचा, असा अर्थ कोणी लावत नाही; मग रागाच्या बाबतीतच का लावायचा?

पण खरा आनंद आहे तो हिब्रू मुळात. तिथे शब्द आहेत ‘एरेख अप्पायिम’. ‘एरेख’ म्हणजे लांब, आणि ‘अप्पायिम’ हे ‘आफ’ या शब्दाचं द्विवचन. ‘आफ’ म्हणजे नाक. शब्दशः देव ‘लांब नाकपुड्यांचा’ आहे! हिब्रूत माणूस रागावतो तेव्हा त्याचं नाक पेटतं, आणि त्यामुळे ‘आफ’ या शब्दालाच ‘राग’ असाही अर्थ आला. मराठी माणसाला हे समजावून सांगायची गरजच पडू नये. आपल्याकडेही राग नाकाच्या शेंड्यावरच असतो आणि रागावलेल्याच्या नाकपुड्याच फुगतात. ज्याचं नाक लांब, त्याच्या शेंड्यापर्यंत राग पोचायला वेळ लागतो. उलट तापट माणसाला नीतिसूत्रांत (१४:१७) ‘केत्सार अप्पायिम’ म्हटलं आहे, म्हणजे आखूड नाकाचा.

‘इथे आफ म्हणजे सरळ राग समजा, नाक मध्ये आणू नका’ असं बजावणारे पंडित आहेत. त्यांचं मला मुळीच पटत नाही. नुसता राग म्हणायचा असतो तेव्हा हिब्रू बहुधा एकवचनी ‘आफ’ वापरते. इथे मुद्दाम द्विवचन आहे आणि नाकपुड्या दोन असतात. तल्मूद या यहुद्यांच्या प्राचीन धर्मग्रंथामध्ये या द्विवचनाचं स्पष्टीकरण असं दिलं आहे, की देव नीतिमानांशीही धीराने वागतो आणि दुष्टांशीही, म्हणून दोन. शिकवण म्हणून ती मला प्रिय आहे, पण व्याकरण म्हणून टिकत नाही. माझं मत असं, की या शब्दाच्या मुळाशी श्वास आहे. नीतिसूत्रे १४:२९ पाहा: तिथे ‘लांब नाकपुड्यां’समोर विरुद्धार्थी म्हणून ‘केत्सार रूआख’ उभा केला आहे, म्हणजे ज्याचा ‘रूआख’ आखूड आहे तो. ‘रूआख’ म्हणजे आत्मा, वारा आणि श्वासही. राग आला की श्वास आखूड होतो, धाप लागल्यासारखा. धीर धरणारा लांब श्वास घेतो. शिवाय उत्पत्ती २:७ मध्ये देवाने मातीच्या माणसात जीवनाचा श्वास फुंकला तो कुठे? ‘अप्पायिम’मध्येच. ज्या शब्दात आपल्याला जीव मिळाला, त्याच शब्दात देवाचा धीर सांगितला आहे. मला हा निव्वळ योगायोग वाटत नाही.

हा शब्द देव स्वतःबद्दल पहिल्यांदा कधी उच्चारतो, तेही पाहण्यासारखं आहे. निर्गम ३२ मध्ये इस्राएली लोक पूजेसाठी सोन्याचं वासरू करतात. देव म्हणतो, माझं ‘आफ’ पेटू दे. त्यांचा पुढारी मोशे विनवतो, तुझं ‘आफ’ का पेटावं? मग तो सीनाय डोंगर उतरतो, वासरू पाहतो, आणि आता त्याचंच ‘आफ’ पेटतं. हातातल्या देवाच्या आज्ञांच्या दगडी पाट्या तो आपटून फोडतो. चौतिसाव्या अध्यायात तो नव्या पाट्या घेऊन पुन्हा वर जातो, आणि परमेश्वर त्याच्यासमोरून जाताना स्वतःचं नाव घोषित करतो: दयाळू, कृपाळू, लांब नाकपुड्यांचा. पेटलेल्या नाकांच्या त्या सगळ्या प्रकरणानंतर! राग नसलेल्या देवाला हे वर्णन लागूच पडलं नसतं. मोशे ते विसरला नाही. गणना १४:१८ मध्ये लोक पुन्हा बंड करतात तेव्हा तो देवापुढे देवाचेच हे शब्द ठेवून क्षमा मागतो.

नव्या करारात आलं की मराठीत हा धागा तुटतो, आणि त्याची मला खंत आहे. जुन्या कराराच्या प्राचीन ग्रीक भाषांतराने नाक सोडलं पण लांबी राखली: ‘माक्रोथुमोस’, लांब आवेगाचा. प्रेषित पौल १ करिंथ १३:४ मध्ये प्रीतीबद्दल पहिलंच क्रियापद वापरतो ते याच शब्दाचं. आपण तिथे ‘प्रीती सहनशील आहे’ वाचतो आणि सीनाय डोंगर आठवत नाही. सहनशील म्हणजे मुकाट्याने सोसणारा, ज्याच्या हाती दुसरं काही नाही असाही असू शकतो. माक्रोथुमोसच्या हाती सगळं असतं, आणि तरी तो थांबतो. कशासाठी, ते २ पेत्र ३:९ सांगतं, त्याच क्रियापदाने: कोणाचा नाश होऊ नये, सर्वांनी पश्चात्ताप करावा म्हणून.

‘शांत स्वभावाचा’ का नको, ते निनवे शहराच्या दोन नोंदींवरून कळतं. देवाने नाशाची ताकीद दिलेलं निनवे वाचलं म्हणून संदेष्टा योना चिडून देवाला म्हणतो, तू ‘एरेख अप्पायिम’ आहेस हे मला ठाऊकच होतं (४:२). संदेष्टा नहूमही त्याच निनवेबद्दल बोलताना हाच शब्द वापरतो (१:३), आणि लगेच पुढे सांगतो, की परमेश्वर महापराक्रमी आहे आणि अपराध्याला मुळीच निर्दोष ठरवणार नाही. इ.स.पू. ६१२ मध्ये निनवे पडलं. ‘शांत स्वभावाचा’ हे विशेषण योनाच्या तक्रारीत कसंबसं बसेल, नहूमच्या वाक्यात बसणारच नाही.

तेव्हा सोपं करायचंच असेल तर ‘लवकर न रागावणारा’ लिहा. आणि ‘मंदक्रोध’ ठेवणार असाल तर कृपा करून जोडून लिहा. हा बहुव्रीही आहे: मंद आहे क्रोध ज्याचा तो. ‘मंद क्रोध’ असं तोडलं की शब्द देवाबद्दल न राहता रागाबद्दल होतो, आणि मग पुन्हा तीच धुगधुगी.