दारव्ह्याहून न्यू जर्सीला: हुशार आणि ऑटिस्टिक लेकरासाठी शाळेकडे काय मागायचं

ताई,

तुमचा मुलगा आठ वर्षांचा, दारव्हा तालुक्यातल्या गावी जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरीत. ऑटिझमचं निदान यवतमाळला झालेलं. चार आकडी गुणाकार तोंडी करतो, शकुंतला रेल्वेची मूर्तिजापूर ते यवतमाळ सगळी स्टेशनं क्रमाने म्हणतो, पण अर्धं पान लिहायचं म्हटलं की रडतो आणि शाळेची घंटा झाली की कान झाकून बसतो. मिस्टरांची बदली न्यू जर्सीला झाली आहे आणि तुमचे प्रश्न दोन: तिथल्या शाळेला निदान सांगावं की लपवावं, आणि त्याला हुशार मुलांच्या वर्गात घालावं की मदत लागणाऱ्या मुलांच्या? मी दिग्रसकडची. माझी मुलगी अशीच आहे, इथे न्यू जर्सीतल्या सरकारी शाळेत सातवीत शिकते. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

निदान सांगा. आणि दोन्ही मागा, लेखी मागा. या दोन रांगा आहेत आणि आपलं लेकरू फक्त एकाच रांगेत उभं राहू शकतं, असं तुम्हाला कोणी भासवलं तरी ते खरं नाही.

आपल्याकडे निदान लपवावंसं काहून वाटतं ते मला माहीत आहे. एकदा गावात बोलणं सुरू झालं की ते त्याच्या बहिणीच्या सोयरिकीपर्यंत जातं. इथे अमेरिकेत शाळेचे कागद १९७४ च्या कायद्याने गोपनीय असतात. पहिली तपासणी तुमच्या सहीशिवाय होत नाही, विशेष शिक्षण सुरू करायलाही तुमची सही लागते, आणि ती संमती पुढे कधीही लेखी मागे घेता येते. मदत मिळते ती 'आयडिया' नावाच्या केंद्रीय कायद्याखाली, अपंगत्व असलेल्या मुलांसाठी, न्यू जर्सीत ३ ते २१ वर्षांपर्यंत, फुकट. एच-४ व्हिसावरच्या (म्हणजे नोकरीसाठी आलेल्याच्या कुटुंबाच्या व्हिसावरच्या) मुलाला तोच हक्क आहे जो इथे जन्मलेल्या मुलाला.

आता सगळ्यात महत्त्वाचं. तुमच्या मुलाला मदत नाकारली गेली तर ती त्याच्या हुशारीमुळे नाकारली जाईल. मीटिंगमध्ये कोणीतरी गोड आवाजात म्हणेल, "पण तो तर वर्गाच्या पुढे आहे!" आमच्या पहिल्या शाळेत मुलीचे गणिताचे मार्क पुढे ठेवून हेच सांगितलं गेलं. निदान आहे एवढ्यावर शाळा बांधील होत नाही, हे खरं. अडचणीचा शिक्षणावर परिणाम होतो आणि त्यासाठी वेगळ्या पद्धतीने शिकवणं लागतं, हे दिसावं लागतं. पण याच कायद्याच्या नियमांत स्पष्ट आहे की मूल नापास झालेलं नसलं, दरवर्षी पुढच्या वर्गात जात असलं, तरी ते पात्र ठरू शकतं. केंद्रीय शिक्षण खात्याने २०१३ मध्ये एका पत्राच्या उत्तरात हेच बुद्धिमान मुलांबद्दल लिहून दिलं आहे. आणि 'शिक्षण' म्हणजे फक्त मार्क नव्हेत. लिहिता येणं, गटात काम करणं, जेवणाच्या हॉलमधला कलकलाट सहन होणं, मदत मागता येणं, हे सगळं त्यात येतं. म्हणून पुरावा तसा गोळा करा. एकाच प्रश्नाचं त्याने तोंडी दिलेलं उत्तर आणि त्याच्या हाताने लिहिलेलं उत्तर शेजारी शेजारी ठेवा, लिहायला किती वेळ लागला तो टाका. शाळेतून घरी आल्यावर तो कसा कोसळतो, तेही तारखेनिशी लिहून ठेवा. शाळेत दिवसभर दाबून धरणारी मुलं घरी येऊन फुटतात, आणि ते शाळेला दिसत नाही.

तपासणीत बुद्ध्यांकाचा एकच आकडा घेऊन येऊ नका आणि तेवढा ऐकूनही घेऊ नका. विस्क-५ सारख्या बुद्ध्यांक चाचणीत शब्दज्ञान, आकृतिज्ञान, तर्क, कार्यस्मृती आणि कामाचा वेग यांचे गुण वेगवेगळे येतात. अशा मुलांचा तर्क फार वर आणि वेग खाली असू शकतो. सरासरी काढली की आकडा साधारण दिसतो आणि दोन्ही गोष्टी गाडल्या जातात, हुशारीही आणि अडचणही. पाचही गुण वेगळे मागा, आणि कार्यस्मृती व वेग वगळून काढलेला 'जनरल अ‍ॅबिलिटी इंडेक्स'ही मागा. हुशार मुलं निवडायला बऱ्याच शाळा कॉगॅटसारखी वेळ लावून घेतलेली सामूहिक चाचणी वापरतात. तिथे जादा वेळ आणि वेगळी खोली मागायची. हुशार मुलांच्या शिक्षणाची सक्ती केंद्राचा कायदा करत नाही, ते राज्यावर आहे. न्यू जर्सीत मात्र २०२० पासून असा कायदा आहे की प्रत्येक डिस्ट्रिक्टने (म्हणजे त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या मंडळाने) अशी मुलं शोधून त्यांना सेवा द्यायच्या आणि त्याची माहिती वेबसाइटवर ठेवायची. तेवढं तरी आपलं नशीब.

कागद मिळतात ते दोन प्रकारचे. आयईपी म्हणजे मुलाची स्वतःची वार्षिक शिक्षण-योजना: ध्येयं, स्पीच (बोलण्याची) थेरपी, ऑक्युपेशनल (लिहिण्यासारखी रोजची कामं जमण्याची) थेरपी, कोण किती मिनिटं देणार हे सगळं लिहिलेलं. ५०४ प्लॅन म्हणजे मुख्यतः सवलती: जादा वेळ, टायपिंग, शांत जागा. शाळा ५०४ लवकर देऊ करते. तुमच्या मुलाला लिहिणं शिकवावंच लागणार आहे, नुसती सवलत पुरणार नाही, म्हणून आधी आयईपीचीच तपासणी मागा.

ती मागायची ईमेलने, डिस्ट्रिक्टच्या 'स्पेशल सर्व्हिसेस' ऑफिसला. शिक्षिकेला तोंडी सांगितलेलं मोजलं जात नाही. न्यू जर्सीत लेखी विनंती पोचल्यापासून २० दिवसांत मीटिंग घ्यावी लागते (सणावारांच्या सुट्या धरत नाहीत, पण उन्हाळ्याची सुटी धरतात). तुम्ही संमतीची सही केली की ९० दिवसांत तपासणी, पात्रतेचा निर्णय आणि आयईपी असेल तर तो लागू, एवढं सगळं व्हायला हवं. दोन ओळी पुरतात: 'माझ्या मुलाला ऑटिझमचं निदान आहे. आयडिया कायद्याखाली चाइल्ड स्टडी टीमकडून त्याची सर्व अंगांनी तपासणी व्हावी अशी विनंती करते, अहवाल जोडले आहेत.' (चाइल्ड स्टडी टीम म्हणजे तपासणी करणारी डिस्ट्रिक्टची तज्ज्ञ मंडळी.) शाळेने नकार दिला तर तो कारणांसह लेखी द्यावा लागतो. निष्कर्ष पटला नाही तर बाहेरच्या तज्ज्ञाकडून डिस्ट्रिक्टच्या खर्चाने तपासणी मागता येते. न्यू जर्सीत 'स्पॅन' ही संस्था पालकांना यात फुकट मदत करते. वकिलाकडे धावण्याआधी त्यांना फोन करा.

भाषेचं. प्रवेशाच्या वेळी घरी कोणती भाषा बोलता हे विचारतात. मराठी लिहा, इंग्रजी लिहू नका. नाहीतर तो गप्प बसला की त्याला इंग्रजी येत असूनही बोलत नाही असं धरतील. उलटही होतं, सगळं इंग्रजीच्या माथी मारून "थोडं थांबा, भाषा येऊ द्या" म्हणतात. तपासणी शक्य तेवढी मुलाच्या भाषेत व्हावी असं कायदा सांगतो आणि मीटिंगला दुभाषा मागायचा तुम्हाला हक्क आहे. घरी मराठी बंद करा असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. दोन भाषांनी ऑटिस्टिक मुलांचं नुकसान होतं असं संशोधनात दिसलेलं नाही, आणि आजीशी तो फोनवर कशात बोलणार?

निघण्याआधी गावी करायची कामं. अपंगत्वाचं यूडीआयडी कार्ड काढलं असेल तर छान, पण ते इकडच्या शाळेत चालत नाही. त्यामागचा इसाचा (ऑटिझम मोजण्याच्या भारतीय चाचणीचा) स्कोअर आणि डॉक्टरांचा पूर्ण अहवाल इंग्रजीत घ्या. सगळ्यात मोलाचं पत्र मात्र तुमच्या गुरुजींचं असेल. तुम्ही लिहिलंय की ते त्याला परिपाठाला शेवटी दाराजवळ उभं करतात, घंटेआधी खूण करतात, गणित तोंडी विचारतात. त्यांना कोणी शिकवलेलं नाही, त्यांनी लेकरू बघून केलं, त्यांना माझा नमस्कार सांगा. हेच सगळं शाळेच्या लेटरहेडवर, तारीख आणि शिक्क्यासह लिहून घ्या आणि भाषांतर करून आणा. या सवलती त्याला आधीपासून लागत होत्या आणि त्यांनी फरक पडला, हे त्यातून सिद्ध होतं.

लसींचं कार्ड तपासा. सरकारी दवाखान्यात गोवर-रुबेलाची लस मिळते. गालगुंड आणि कांजिण्यांची त्यात नसते, आणि इथे प्रवेशाला ती लागते. यवतमाळला खाजगीत देऊन घ्या. इंजेक्शनला तो घाबरत असेल तर निघायच्या धांदलीत नको, आधीच उरका.

मिस्टरांना सांगा, कंपनीच्या एचआरला आत्ताच विचारा की आरोग्य विमा 'सेल्फ-फंडेड' आहे का, म्हणजे उपचारांची बिलं कंपनी स्वतःच्या पैशांतून भरते का. तसा असेल तर ऑटिझमच्या थेरपीची राज्याची सक्ती त्याला लागू होत नाही, आणि खाजगी थेरपीचं बिल जबर येतं.

आणि घर भाड्याने घेण्याची घाई करू देऊ नका. शाळा पत्त्यावरून ठरते आणि या छोट्या राज्यात पाचशेहून जास्त डिस्ट्रिक्ट आहेत. शाळांना गुण देणाऱ्या वेबसाइटवरचे दहापैकी नऊ गुण बघून घर घेतात लोक, पण त्या गुणांत आपल्या मुलांचं काही दिसत नाही. आधी डिस्ट्रिक्टला विचारायचं: साध्या वर्गात दोन शिक्षक मिळून शिकवतात का, आयईपी असलेली मुलं हुशार मुलांच्या कार्यक्रमात आहेत का. दुसऱ्या प्रश्नाला समोरचा अडखळला तर ते गाव सोडा.

जमलं तर जुलैच्या शेवटी या. आपल्याकडे विदर्भात शाळा जूनअखेरीस उघडते, तिथे महिनाभर जाऊ द्या, गुरुजींचा निरोप नीट घेऊ द्या. इथली सप्टेंबरच्या सुरुवातीला उघडते. ऑगस्टमध्ये त्याला रिकामी शाळा दाखवायची परवानगी मागा, फायर अलार्म किती मोठा वाजतो आणि ड्रिलची आधी सूचना देतील का हे तेव्हाच विचारून घ्या. मिस्टर बघत असलेल्या दोन-तीन गावांची नावं कळवा. त्यांच्या वेबसाइटवर हुशार मुलांसाठी काय लिहिलंय ते मी वाचून तुम्हाला सांगते.