वडिलांनी सुरू केलेल्या गोल्फ अकादमीला नवं रूप द्यायचं आहे. नाव, लोगो, रंग सगळंच बदलावं का? खर्च किती धरावा?

नाव बदलू नका. लोगो बदला, जुने फोटो काढा, फी स्पष्ट लिहा. पण ज्या माणसामुळे लोक शिकायला आले, त्याचं नाव पाटीवरून उतरवू नका.

आमच्या घरात यावरूनच वाद झाला आणि तो अजून मिटलेला नाही. बाबा पुण्यातल्या एका क्लबात कॅडी होते. मेंबरांच्या बॅगा उचलता उचलता खेळ शिकले, पुढे कोच झाले, स्वतःच्या नावानं शिकवायला लागले. कारभार आम्हा भावांकडे आला तेव्हा दादानं एक एजन्सी गाठली. त्यांनी स्विंग संपवून उभ्या असलेल्या खेळाडूची सावली, काळा-सोनेरी रंग आणि कुठल्याही शहरात खपेल असं इंग्रजी नाव आणलं. बाबांच्या परिचयातून कॅडीपणाची वर्षं गायब! दादाचं म्हणणं, मोठी माणसं कॅडीकडे शिकायला येत नाहीत.

अहो, येतातच की! अली शेर दिल्ली गोल्फ क्लबात कॅडी होते. १९९१ साली त्यांनी इंडियन ओपन ही गोल्फ स्पर्धा जिंकली. त्याआधी एकाही भारतीय व्यावसायिक खेळाडूला ते जमलं नव्हतं. आमच्याकडे येणारे कंपन्यांतले साहेब बाबांना ग्रीनचा, म्हणजे खळीभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीचा, उतार विचारायचे, कारण दुसऱ्यांसाठी ग्रीन वाचण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली होती. चेंडू सारखा उजवीकडे वळतोय म्हणून कुणी वैतागलेला आला, की बाबा त्याची पकड बघूनच क्लबफेस, म्हणजे काठीचा चेंडूला लागणारा भाग, उजवीकडे उघडा का राहतोय ते सांगायचे. हे लपवून विकायचं काय? अमेरिकी गोल्फपटूंचे लोगो बघा: अर्नोल्ड पामर यांची रंगीत छत्री, जॅक निक्लॉस यांचं सोनेरी अस्वल, दोन्ही चिन्हांमागे माणूस आहे.

मी नव्या नावाला संमती दिली नाही. नाव राहिलं, लोगो तेवढा नव्यानं काढून घेतला. तुम्हीही तो आधी टोपीवर भरून आणि चेंडूवर छापून बघा. चेंडूचा व्यास जेमतेम ४.३ सेंटिमीटर, आणि भरतकामात बारीक रेषा बुजतात. संगणकावर सगळंच देखणं दिसतं.

खर्चाचा आकडा शहरावर आणि डिझायनरवर ठरतो. पैसे कमी असतील तर आधी चांगल्या फोटोग्राफरला द्या. पालक मुलांना शिकताना बघून फोन करतात. हां, तुमचं नाव दुसऱ्या कुणाच्या ट्रेडमार्कशी भिडत असेल, किंवा वडिलांनाच बदल हवा असेल, तर माझं सगळं बाजूला ठेवा. रेंज, म्हणजे सरावाचं मैदान, क्लबची असेल तर पाटीसाठी आधी त्यांची परवानगी घ्या.

आणि घरात कुणी वडिलांचा भूतकाळ झाकू म्हणालं, तर ते एजन्सीच्या मीटिंगमध्ये नको, वडिलांना समोर बसवून बोलायला सांगा. आमच्या दादानं बाबांना आजवर विचारलेलं नाही.