एएन-३२ सापडायला साडेसात वर्षं का लागली?

प्रश्न : जुलै २०१६ मध्ये तांबरमहून पोर्ट ब्लेअरला निघालेलं हवाई दलाचं एएन-३२ विमान २९ जणांसह बंगालच्या उपसागरावर बेपत्ता झालं. अवशेष मिळाल्याचं जानेवारी २०२४ मध्ये जाहीर झालं. रडार, उपग्रह, पाणबुड्या हाताशी असताना इतका उशीर का?

उत्तर : आधी रडार. अवशेष मिळाले ती जागा चेन्नईपासून सुमारे १४० सागरी मैलांवर आहे. तिथलं १३ हजार फुटांखालचं जवळपास काहीच किनाऱ्यावरच्या रडारला दिसत नाही, पृथ्वीचा बाक आड येतो. विमान २३ हजार फुटांवरून झपाट्याने खाली आलं. ते पाण्यावर नेमकं कुठे आदळलं, हे पडद्यावर उमटणं शक्यच नव्हतं.

आणीबाणीचा ट्रान्समीटर उपग्रहाला ४०६ मेगाहर्ट्झवर साधारण दर ५० सेकंदांनी संदेश पाठवतो. ती लहर समुद्राच्या पाण्यातून जात नाही. अँटेना तुटली किंवा विमान लगेच बुडालं, तर उपग्रहापर्यंत काही पोहोचत नाही.

पाण्याखाली उपयोग फक्त आवाजाचा. २०१५ मध्ये तटरक्षक दलाचं डॉर्नियर विमान बुडालं, तेव्हा त्याच्या पिंगरचा, म्हणजे पाण्यात पडल्यावर आवाज देत राहणाऱ्या यंत्राचा, आवाज ‘सिंधुध्वज’ पाणबुडीने टिपला. खोली होती हजार मीटरच्या आतबाहेर. एएन-३२ होतं ३,४०० मीटरवर. ३७.५ किलोहर्ट्झचा नेहमीचा पिंगर एक-दोन किलोमीटरपर्यंतच नीट ऐकू येतो, त्यामुळे एवढ्या खोलीवर हायड्रोफोन (पाण्याखालचा मायक्रोफोन) लांब केबलने तळाजवळून ओढावा लागतो.

खरी अडचण सोनारची, म्हणजे ध्वनिलहरींच्या प्रतिध्वनीवरून तळ ‘पाहणाऱ्या’ यंत्राची, आणि तिची चर्चा फार कमी होते. जहाजाच्या बुडाशी बसवलेल्या मल्टिबीम (एकाच वेळी अनेक ध्वनिकिरण सोडणाऱ्या) सोनारचा एक अंशाचा किरण ३,४०० मीटर खाली पोहोचेपर्यंत सुमारे ६० मीटर रुंद होतो. एएन-३२ ची लांबी २४ मीटरही नाही, त्यातून तुकडे झालेले. वरून असे अवशेष ओळखू येणं जवळपास अशक्य. म्हणून तळाजवळून फिरणारं स्वयंचलित यान लागतं. राष्ट्रीय सागर तंत्रज्ञान संस्थेच्या अशाच यानाने सोनार आणि छायाचित्रांच्या आधारे हे अवशेष शोधले.

प्रश्न : पिंगर किती दिवस वाजतो?

उत्तर : जुने ३० दिवस, नागरी विमानांचे नवे ९० दिवस. पाणी लागलं की स्विच आपोआप जोडला जातो, म्हणून त्याची टोकं स्वच्छ आणि कोरडी ठेवायची. धूळ-ओल साचली तर तो जमिनीवरच वाजत राहतो आणि बॅटरी संपते. माणसाच्या कानाला तो आवाज ऐकू येत नाही. तपासणीला अल्ट्रासॉनिक टेस्टरच लागतो.